शेवटच्या तीन खाचा

कराड,
रविवार, दुपार

चि. चिमणीस आबाचे अनेक आशीर्वाद.

गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून हात केलास, पण बघितलंस आईकडं. मी पलीकडं पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या त्या साइड बर्थवर तू गुडघे पोटाशी घेऊन नागपूरपर्यंत गेली असशील, हे रात्रभर डोक्यात होतं. परवा आईच्या मोबाइलवर तुझा मेसेज आला, "पोचले." एवढाच. आलापल्लीला मुक्काम केलास की रात्रीच पुढं भामरागडला गेलीस, काही नाही. फोन करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू गप्प होतेस. म्हणून लिहायला बसलो. आई म्हणते फोटो काढून पाठवा. मी पोस्टानंच टाकणार आहे.

बुधवारचं आधी सांगतो. कोल्हापुरात ती सेकंडहँड पांढरी गाडी तुला आवडली होती. मलाही आवडली होती, खोटं कशाला बोलू. टायर चांगले, इंजिनाचा आवाज गोड, किंमत आपल्या आठ लाखांच्या आत. तू आत बसलीस, सीट मागं ढकललीस, आणि ती अर्ध्यात अडकली. एजंट म्हणाला, "मॅडम, जरा ऑइल मारलं की सरकेल." तू उतरलीस, कागद बघायला ऑफिसात गेलीस. मी तेवढ्यात खाली बसून टॉर्च मारला.

सीटच्या रेलला खाचा असतात ना, त्यातल्या शेवटच्या तीन गाळानं भरल्या होत्या. नखानं खरवडला तर बारीक, राखाडी, वाळून दगड झालेला. पुढच्या सगळ्या खाचा चकाचक, ताजं ग्रीस. साडेपाच फुटाचा माणूस सीट तिथपर्यंत कधी नेतच नाही, म्हणून पुसणाऱ्यालाही तिथं पुसायचं सुचलं नाही. मग सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघितला. वरचा पट्टा काळाभोर, आणि रिळाच्या तळातून निघालेला हातभर मातकट. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीत पाणी कुठवर चढलं होतं ते तू बघितलंयस, 2021 च्या जुलैत चिपळूण गेलं. तशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून कुठं ना कुठं विकल्या जातातच. आतलं वायरिंग आज चालतं, कनेक्टर आतून हिरवे पडत जातात, आणि दोन वर्षांनी जंगलात रात्री गाडी बंद पडते. एअरबॅगचं तर उघडल्याशिवाय काही कळतच नाही.

हे सगळं मी तुला तिथंच सांगायला हवं होतं. एजंटासमोर तमाशा नको म्हणून मी "ही नको, चल" म्हणालो. तू "का?" विचारलंस, आणि माझ्या तोंडून निघालं, "एवढी धिप्पाड गाडी कशाला पाहिजे?"

चिमणे, मी गाडीला म्हणालो होतो. पण शब्द बाहेर पडल्या पडल्या मला इस्लामपूरचे ते लोक आठवले, आणि तुझं तोंड बघून कळलं की तुलाही तेच आठवले. त्या दिवशी पोह्याच्या बश्या तशाच राहिल्या होत्या. तेव्हा त्यांना मी काही बोललो नाही, हेही तू विसरली नसशील. मीही विसरलेलो नाही.

आता गाडीचं. मी रिकामा बसलेलो नाही. तू सुट्टीत आली होतीस तेव्हा तुला स्टुलावर ताठ बसवून माप घेतलं होतं, आठवतं? तू हसत होतीस. बसल्यावर ढुंगणापासून डोक्यापर्यंत 97 सेंटीमीटर. त्या मापाची सागवानी काठी कापली, वर चार बोटं जास्त ठेवली आणि तिथं लाल ऑइलपेंटचा पट्टा मारला. ही काठी घेऊन मी कराड, उंब्रज, सातारा फिरतोय. सीटवर उभी करायची, पट्टा छताच्या खाली राहिला तर पुढचं बोलायचं. लोक म्हणतात, मेकॅनिकचं डोकं रिटायर झाल्यावर फिरलं. आईनं एक खरी चूक काढली. म्हणाली, काठीनं सीट दबत नाही, माणसानं दबते. मग मी मांडीवर पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं घेऊन शेजारी बसतो आणि गादी किती खाली जाते ते बघतो. (पोतं परत आणलं, आईला सांग. तिचा विश्वास नाही.)

यातून काही गोष्टी कळल्या त्या तुझ्या कामाच्या आहेत. सनरूफ असलेल्या गाडीत त्याच्या चौकटीमुळं छत आतून खाली येतं, तेवढ्यानं तुझे केस घासतात. सनरूफ नकोच. डोकं मावलं म्हणजे झालं असंही नाही. जिप्सीत तुझं डोकं मावेल, पाय मावणार नाहीत. थारमध्ये स्टिअरिंग वरखाली होतं, पण आपल्याकडं ओढून घेता येत नाही. लांब पायाच्या माणसाला सीट मागं न्यावी लागते, मग हात पुरत नाहीत आणि पाठ सुटते. हेडरेस्ट वर ओढून बघायचं. ते मानेच्या मागं आलं तर उपयोगाचं नाही, डोक्याच्या मागं आलं पाहिजे, नाहीतर मागून धक्का बसला की मान मोडते. आणि नजर सरळ केल्यावर काच दिसली पाहिजे, काचेच्या वरची पट्टी नाही. आपल्या गल्लीतले ट्रकवाले मामा बघ, वीस वर्षं मान वाकवून गाडी चालवली, आता पट्टा लावून ओट्यावर बसतात. तू पंचविशीत तशी वाकायला लागू नयेस. लोकांमध्येही वाकू नकोस, ते मी आधीपासून सांगतोय. दहावीनंतर तू खांदे पाडून चालायला लागली होतीस तेव्हा मला काय वाटायचं ते कधी बोललो नाही.

कुणी म्हणेल रेल कापून पट्टी वेल्डिंग करून देतो, सीट सहा इंच मागं जाईल. करायचं नाही. सीटबेल्टचं कुलूप सीटलाच असतं, टक्कर झाली तर सगळा भार त्या वेल्डिंगवर येतो. शिवाय गाडीच्या रचनेत असा बदल कायद्यालाही चालत नाही.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतील. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणून त्या इकडं यायला लागल्या. एनओसी, इथला टॅक्स पुन्हा, आरटीओच्या चकरा. तुझ्याकडं त्याला वेळ कुठं आहे? जनावरांना घटसर्प, फऱ्याच्या लसी पावसाच्या आत टोचायच्या की आरटीओत उभं राहायचं?

फोर बाय फोरचं, म्हणजे चारी चाकांना ताकद देणाऱ्या गिअरचं, मात्र नीट ऐक. मला माहीत आहे तू शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलीस, मी आयटीआय. तरी ऐक. बहुतेक मालकांनी तो गिअर कधी टाकलेलाच नसतो, त्यामुळं गंजून बसतो. घ्यायच्या आधी मातीत, खडीवर टाकून बघायचा. डांबरावर नाही. कोरड्या डांबरावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी बांधली जातात, वळताना ताण कुठंच सुटत नाही आणि गाडी कण्हते. ट्रान्सफर केसखाली (पुढच्या चाकांना ताकद देणारा तो डबा) तेल ठिबकतंय का, पुढच्या शाफ्टचे क्रॉस हलतात का, चारी टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आहेत का. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला 23 वा आठवडा.

आणि हे सगळं चाकं फिरवायला असतं. चढवायला, चिखलातून काढायला. थांबवायला नसतं. ब्रेक प्रत्येक गाडीला चारी चाकांना असतातच, फोर बाय फोर म्हणून गाडी लवकर थांबत नाही. आणि पाण्यात तर…

पाण्याचं मी काढणार नव्हतो. आईला तसं कबूल केलं होतं.

पण जाहिरातीत लिहितात ना, गाडी 650 मिलिमीटर पाण्यातून जाते, ते उभ्या पाण्यातून. वाहत्या पाण्यात फूटभर आलं की छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फुटात जीपसुद्धा जाते. गाडी जितकी मोठी तितकी पाण्याला ढकलायला जागा जास्त. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, पुन्हा स्टार्टर मारायचा नसतो. पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागडला कुणी येत नाही आणि कुणी जात नाही, हे तूच पहिल्या पावसात लिहिलं होतंस. तेव्हा तुझ्याकडं मोटारसायकल होती, म्हणून तू काठावर थांबलीस. जीप असती तर थांबली असतीस का? पलीकडं कुणाची म्हैस अडली असेल, वासराचा पाय बाहेर आला असेल, आणि तू म्हणशील, जाऊ, चारी चाकं आहेत. मोटारसायकलनं माणूस भितो. जीपनं धीर येतो. मला त्या धीराची भीती वाटते.

2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्री गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आमच्या दोन एसट्या त्यात होत्या. दुसऱ्या दिवशी डेपोत कुणी कुणाशी बोललं नाही. ते ड्रायव्हर काही शिकाऊ नव्हते, आणि गाडी एसटीची म्हणजे किती वजनाची ते तुला माहीत आहे. त्यांना तर पूल तिथं नाही हे दिसलंही नसेल. तुला दिसणार आहे. तर थांब. एवढंच.

आणि नानाला पोहता येत होतं. प्रीतिसंगमावर तो पोरांना शिकवायचा.

असो. लेक्चर झालं. माफ कर.

तू बारा वर्षांची असताना डेपोत डबा घेऊन आली होतीस. पिटवर उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर चढलीस आणि तुझा पाय क्लचला टेकला. सगळे हसले, हेड मेकॅनिक म्हणाले, "हिला भरती करून टाका." मी वरवर ओरडलो, उतर म्हणून. संध्याकाळी घरी येऊन आईला तीनदा सांगितलं. आजही कुणी विचारलं की तुमची मुलगी काय करते, तर मी भामरागडला जनावरांची डॉक्टर आहे हे सांगतो आणि लगेच पुढं सांगतो, सहा फूट दोन इंच आहे. आई म्हणते, उंची कशाला सांगता. का सांगू नये?

आता मुद्द्याचं. साताऱ्यात एक रिटायर सुभेदार आहेत. त्यांची सफारी स्टॉर्म, फोर बाय फोर, 2017 ची, एकच मालक, सनरूफ नाही. लष्करानं जिप्सीच्या जागी अशाच 3192 गाड्या घेतल्या होत्या, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. काठी उभी केली, लाल पट्टा छताच्या खाली राहिला. सीट मागं नेली, गेली. मग खाली बसून शेवटच्या तीन खाचांत बोट घातलं. कंपनीतलं जुनं, पिवळं, घट्ट ग्रीस, कुणाचा हात न लागलेलं. सीटबेल्ट तळापर्यंत काळा. फोर बाय फोरची कळ डॅशबोर्डवर आहे, शेताच्या बांधावर टाकून बघितली, लागली, सुटलीसुद्धा. लसीची पेटी, नायट्रोजनचा कंटेनर, सगळं मागं बसेल. क्लच थोडा वर धरतो. तेवढे पैसे कमी करायला लावले.

टोकन दिलेलं नाही. काठी बसली म्हणजे तू बसलीस असं होत नाही. सुभेदारांची लेक वर्ध्याला दिलीय, त्यांना तिकडं जायचंच आहे. ते म्हणाले, मास्तर, आपण दोघं मिळून गाडी नागपूरपर्यंत नेऊ, पोरीला बसवू, नको म्हणाली तर मी परत आणतो, डिझेल तुमचं. (मला मास्तर का म्हणतात कळत नाही.) मृग लागायच्या आत व्हायला हवं, कारण पाऊस अंगावर आलाय आणि मीच तुला गाडीवाचून परत पाठवलंय, हेही रोज खातंय. तू दोन दिवसांची रजा टाक, आम्ही निघतो. येताना गमबूट घालूनच ये. अकरा नंबरच्या बुटानं ब्रेक दाबताना अॅक्सिलरेटर दाबला जातो का ते साध्या चपलेवर कळणार नाही. गाडी नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म मी भरून ठेवलेत, सही तुझी.

तू बसून बघ, आणि नको वाटली तर सरळ नको म्हण. मी का म्हणून विचारणार नाही. विचारलं तरी ओरडणार नाही.

आईनं मेतकूट आणि तिळाची चटणी बांधलीय, ती गाडीतूनच येईल. तिला ती सागवानी काठी खिडकीच्या पडद्याला हवीय. गाडी ठरेपर्यंत मी देत नाही.

तुझा,
आबा