दोऱ्याच्या तीन गाठी

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीचा विषय काढला की बाबा "होय होय, बघतो की" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. बाबा, चष्मा लावून वाचा. आणि आई, ते खरंच वाचतात का, तू बघ.

परवा बॉनेट उघडून इंजिनाजवळ फोन धरलात, ते रेकॉर्डिंग मी चार वेळा ऐकलं. आई म्हणाली तेच खरं. शिलाई मशीन मध्येच टाका गाळतं, तशी गाडी मिसिंग मारतेय. आपल्या मारुती आठशेला सिलिंडर तीनच. इंजिन जागेवर मिनिटाला 900 फेरे घेतं असं धरलं तर प्रत्येक सिलिंडर 450 वेळा पेटायला हवा, कारण दोन फेऱ्यांत त्याची पाळी एकदाच येते. चार सिलिंडरच्या गाडीत एक रुसला तर बाकीचे तिघं कसंबसं ओढतात. आपल्यात एक गेला की तिसरा हिस्साच गेला, म्हणून तुमचा आरसा थरथरतो.

आता माझी तक्रार. दोन महिन्यांत ठिणगी पाडणारे प्लग दोनदा बदलले, एअर फिल्टर बदलला, आणि आता मिस्त्री म्हणतो, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटरच नवा टाका. पण तिघांतला कुठला मरतोय ते कुणी बघितलं का? ताप कशाचा ते न बघताच सलाईन लावण्यातला प्रकार झाला हा.

ते बघायला पाच मिनिटं लागतात. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी धडपडतं. ज्याची काढून आवाजात काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. बाबा, हे तुम्ही अजिबात करायचं नाही. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. मिस्त्रीलाच करू दे, तोही रबरी मुठीच्या पकडीनं, आणि काढलेली वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायला सांगा, नाहीतर ते व्होल्ट तयार करणाऱ्या कॉइलवर ताण येतो. तुम्ही शेजारी उभं राहून फक्त ऐका.

मेलेला सापडला की गाडी बंद करून त्याचा प्लग शेजारच्यात घालायचा आणि शेजारचा त्यात. रोग प्लगबरोबर सरकला तर दोष प्लगचा. जागेवरच राहिला तर वायरी दोन्ही टोकांनी काढून त्यांची अदलाबदल करून बघायची. तरीही तोच सिलिंडर मरत असेल तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजायचं, व्हॉल्व्ह बघायचे. वायरी उलटसुलट लागल्या तर गाडी सुरूच होणार नाही, म्हणून आधी आईनं त्यांना दोरे बांधावेत: पहिलीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. तुमच्या त्या खडूच्या खुणा तेलात पुसून जातात, बाबा.

काढलेल्या प्लगचं तोंडही बघा. बिस्किटासारखं तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. काळं आणि तेलकट असेल तर आत तेल चढतंय, तो खर्च मोठा. पेट्रोलनं ओलाच निघाला तर बहुधा ठिणगीच पडत नाही.

माझा संशय डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे तिन्ही प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपवर आहे. तुमच्याच बोलण्यावरून म्हणते. पावसाच्या सकाळी खानापुरातून निघताना गाडी कुरकुरते आणि गणेबैल येईपर्यंत गपगुमान होते. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत इतकीच गार असून कधी कुरकुरली नव्हती. कार्ब्युरेटर कोरडी सकाळ आणि ओली सकाळ असा भेद कशाला करेल? ओल कॅपमध्ये शिरते आणि ठिणगी प्लगकडे जायचं सोडून आडवाटेनं पळते. चढावर भार पडला की सिलिंडरातला दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात, आणि आडवाट तिला आणखी सोपी होते. देसूरच्या अलीकडे तुम्हाला धक्के बसले ते त्यामुळेच असणार.

रात्री शेडमधला दिवा घालवून, बॉनेट उघडून, इंजिन चालू करून लांबूनच बघा. कॅपभोवती किंवा वायरींवर ठिणग्यांचे निळसर किडे चमकले तर चोर सापडला. हात पंख्यापासून लांब ठेवा. आई, तुझा पदरही. सकाळी इंजिन गार असताना कॅप काढून कोरड्या फडक्यानं पुसा आणि आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ किंवा तडा आहे का ते पाहा. रेघ असली तर पुसून भागत नाही, कॅप बदलावीच लागते. तरी कार्ब्युरेटरपेक्षा कितीतरी स्वस्त.

आणखी एक. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं का असेना, ते ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळ्यांना चिरा पडल्यात का, पेट्रोलचा वास येतो का, तेवढं मिस्त्रीला बघायला सांगा.

तोवर गाडी बेळगावला न्यायची नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑईलही बदलावं लागेल. आईच्या डोळ्यांच्या तपासणीला रेल्वेनं जा, नाहीतर बसनं. "गाडी दारात असून बस?" असं बाबा म्हणणार, ते मला इथं पुण्यात ऐकू येतंय.

गणपतीला येताना मी कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर आणि वायरींचा सेट घेऊन येते. जुनी कॅप टाकून देऊ नका, ती रेघ मला बघायची आहे.

तुमची,
सुमी

ता. क. आई, बॉनेट उघडण्याआधी वरून दोन थापा मार. गेल्या पावसाळ्यात मांजरीनं बॅटरीशेजारी पिल्लं घातली होती, आठवतंय ना?