प्रिंटिंगवाल्या दादांना थँक्यू

उद्या सबमिशन आणि रात्री पोस्टर प्रिंटला दिलं तर तिथल्या कॉम्प्युटरवर मुक्ता फॉन्टच नाही, सगळी जोडाक्षरं फुटलेली, रफार भलतीकडेच, मला तर रडूच यायला लागलं. दादांनी अर्धं ओढलेलं शटर परत वर केलं, फॉन्ट फ्री आहे म्हटल्यावर लगेच डाउनलोड केला, एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि मगच टेक्स्टचे आउटलाइन केले (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकले, मग फॉन्ट नसला तरी काही फुटत नाही). वर प्रिंट निघाल्यावर हातात भिंग देऊन म्हणाले, बघ, तुझा केशरी म्हणजे नुसते पिवळे न् मॅजेंटा ठिपके! सीएमवायके, म्हणजे निळसर, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळी न् काळी अशा चार शायांनी सगळे रंग छापणं, कॉलेजात शिकलेले पण असं डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं (टाइपवेड्या पोरीला अजून काय हवं). दादा, मनापासून आभार, पोस्टर भिंतीवर लागलंय, बघायला नक्की या.