बाळ्या, एक काम आहे

प्रिय बाळ्या,

सलाम. नाताळला तू फोन केलास, मी "नंतर करतो" म्हणालो, तो नंतर आत्ता जूनमध्ये उगवलाय. शिव्या दे, चालेल. तब्येत बरी आहे, शुगर जिथल्या तिथे, आईचा गुडघाही जिथल्या तिथे.

मेमध्ये चर्चच्या टीमबरोबर धडगावकडे जाऊन आलो. हो, मीच. हसून घे. तू तिथल्या सरकारी दवाखान्यात तीन वर्षं काढलीस, दर उन्हाळ्यात "ये रे" म्हणायचास, तेव्हा एकदा नाही आलो, आणि आता तू बदली घेऊन खाली आल्यावर मी सातपुडा चढून आलो. पहाटे चारला निघालो, मनमाड, धुळे, शहादा, आणि पाळकसाहेबांनी गाडीत सगळा इतिहास काढला, १८३१ ला अमेरिकन मिशनवाले नगरात कसे आले इथपासून, मालेगाव आलं तरी आमचं १८५० पण झालं नव्हतं. घाटात पम्या ओकला. पम्या कुठेही ओकतो, तुला माहितीये.

गावाच्या अलीकडे एकाने बाइक आडवी घातली, म्हणे धर्म बदलायला आले का. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "नाही हो, नंबर बदलायला," आणि चष्म्यांची पेटी उघडली. तो दीड नंबरचा घेऊन गेला. हे तुला सांगायचंच होतं, कारण तू पाळकसाहेबांना बोअर म्हणतोस.

बाकी ट्रिप म्हणजे तू म्हणायचास तशीच, फोटो जास्त, काम कमी. आम्ही पेटी घेऊन ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणत होतो, गावातली पोरं आपापसात त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलून हसायची, मग त्यांनी ढोल काढला आणि आमची पेटी कुणाला ऐकूच येईना. बीपी-शुगर तपासायचं काम माझ्याकडे होतं, लॅबवाला म्हणून. सगळ्या गावात आमचूरचा आंबट वास, कातळावर, पत्र्यावर, जागा मिळेल तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आली, नऊ-दहा वर्षांचा पोरगा घेऊन. तिची बोटं कैरी कापून कापून काळी पडलेली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. एका रिपोर्टवर तिच्या काळ्या अंगठ्याचा ठसा बरोबर त्याच ओळीवर. इलेक्ट्रोफोरेसिस, एसएस, म्हणजे पुरता सिकलसेल. बाळ्या, रोज असले रिपोर्ट टाइप करतो रे मी. बापाचा आणि तिचा दोघांचाही एएस, नुसते वाहक. पोराचे डोळे पिवळट, रात्री हातपाय ठणकतात, ओरडतो म्हणाली. पिशवीत हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या स्ट्रिपा, म्हणजे कुणीतरी नीट लावून दिलेल्या, कदाचित तुझ्याच दवाखान्याने. सिकलसेल २०४७ पर्यंत संपवायचा म्हणून २०२३ ला मोहीम काढलीये सरकारने, तोवर हा पोरगा तिशी ओलांडेल.

तिला फक्त प्रार्थना हवी होती. मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, केली. इथपर्यंत ठीक होतं. आमेन झाल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "होईल बरा." सुवार्तिकाच्या पोराने लगेच पावरीत सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचं सुचेना. मग तिने काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "ती विचारते, मग गोळ्या बंद करायच्या?"

मी म्हणालो नाही नाही नाही, गोळ्या रोज द्यायच्या, पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं, रक्त तपासायला नेत राहायचं, सगळं एका दमात. तेवढ्यात तिकडे ढोल सुरू झाला आणि कुणीतरी त्या सुवार्तिकाच्या पोराला हाका मारायला लागलं. तो तिला काहीतरी बोलला आणि पळाला. माझं वाक्य केवढं, आणि त्याचे दोन शब्द. त्या दोन शब्दांत काय होतं मला माहीत नाही. तिने स्ट्रिपा परत पिशवीत घातल्या, वरून गाठ मारली आणि गेली. नंतर त्याला गाठून विचारलं तर म्हणे, "सांगितलं ना सर." काय सांगितलं? "तेच."

तू म्हणशील, सकाळी तिच्या घरी का नाही गेलास. सकाळी सहाला गाडी होती. बाकीचे बसले होते, पम्या पुढच्या सीटसाठी भांडत होता. नाही गेलो.

हे इथे कुणाला सांगू? रविवारी साक्ष द्यायला उभं केलं तर चष्म्याचा किस्सा सांगून बसलो, सगळे हसले. काकांच्या वेळेला मी तुझ्या तोंडावर हेच बोललो होतो ना, वॉर्डच्या बाहेर, "रिपोर्ट बघू नको, बरे होतील." आणि तू म्हणालास, "तुझा विश्वास तुझ्याकडे ठेव, माझ्या बापाच्या किडनीचं क्रिएटिनिन आठ आहे." मग वर्षभर बोलला नाहीस. मला तेव्हा तुझाच राग आला होता, अगदी परवापर्यंत थोडा होता. आणि लॅबमध्ये मी होतो, तू नाही, तो आकडा मला तुझ्याआधी कळलेला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

त्या सुवार्तिकाच्या पोराला व्हॉट्सअॅप केलाय, बारा दिवस एकच टिक. तिथे रेंज फक्त टेकडीवर. तुझ्या ओळखीच्या त्या आशाताई, ज्या तुला मोहाची भाजी पाठवायच्या, त्या अजून तिकडेच असतील तर त्यांना फोन कर ना. गावाचं आणि पोराचं नाव वेगळं पाठवतो. गोळ्या चालू आहेत का बघा आणि बंद असतील तर सुरू करा, बस. मी काय म्हणालो होतो ते सांगू नको. किंवा सांग. तू ठरव.

चिमीला दहावीचं अभिनंदन, पेढे कुठेत? वहिनींच्या बदलीचं काय झालं? फ्लॅटचा हप्ता सुरू झाला म्हणे.

आमचूर आणलंय तुझ्यासाठी, दोन किलो. माझी बॅग अजून आंबट मारते.

तुझा,
शमू

ता.क. फोन आजच केलास तर बरं होईल.