विषय: 'थेट बसणाऱ्या' ऑफरोड किटमध्ये चेन नाही, टायर स्विंगआर्मला घासतो

व्यवस्थापक,
सुटे भाग व ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या हेल्पलाइनने आत्ताच माझा फोन मध्येच कापला, म्हणून लेखी कळवतो आहे.

तुमच्या ड्युअल-स्पोर्ट (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) मोटरसायकलसाठी तुम्हीच विकता ते किट मी घेतलं. 40 दातांच्या जागी 45 दातांचं मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, आणि 120/80-18 च्या जागी 120/90-18 चा ऑफरोड टायर. खोक्यावर छापलंय, 'कोणताही बदल न करता थेट बसते.'

बसत नाही. मागे पाच दात वाढले की चेन अडीच पिच, म्हणजे अडीच कड्या, जास्त लागते. किटमध्ये चेनच नाही. मूळची 520 मापाची चेन ठेवायची तर मागचं चाक जवळपास 20 मिमी पुढे ओढावं लागतं, त्यात नव्या टायरची त्रिज्या 12 मिमीने जास्त. टायर आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममधली 32 मिमी जागा गेली. आधीच घासतोय, त्यात कासच्या वाटेवरचा जांभ्याचा लाल चिखल अडकला की चाक फिरायलाच तयार नाही. यवतेश्वरच्या घाटात मागून एसटी असताना असं चाक अडकलं तर काय होईल, ते तुम्हाला कळत असेल.

शिवाय मोठ्या स्प्रॉकेटने चाकाला मिळालेल्या साडेबारा टक्के जास्त ओढीतले जवळपास चार टक्के उंच टायरच खातो. चाळकेवाडीच्या पठारावरच्या कच्च्या चढांना क्लच न जाळता हळू चढता यावं, एवढ्यासाठी हा खर्च केला होता. हे गणित तुमच्या इंजिनिअरांना येतं. मग ही जोडी एका खोक्यात घातली कुणी?

आता तो फोन. मी विचारलं, "45 ला किती कड्यांची चेन लागते?" उत्तर आलं, "सर, चेन सगळ्यांना तीच असते." मी म्हटलं, तीच लावली आहे, म्हणूनच टायर घासतोय. बराच वेळ होल्डवर ठेवलं. परत येऊन त्याने विचारलं, "सर, तुम्ही कुठून बोलताय?" सातारा म्हटल्यावर म्हणाला, "मग गावातल्या गॅरेजवाल्याला द्या ना, तो ठोकून बसवेल." मी वरिष्ठांना जोडा म्हणालो, तर फोन बंद.

ठोकून बसवेल! पुण्याच्या ग्राहकाला हे उत्तर दिलं असतं का? आमच्या मिस्त्रीनेच टेप लावून चूक दाखवली, तुमच्या माणसाने खोकं उघडूनही पाहिलं नाही. आणि मूळ प्रश्न तसाच आहे: चेन कुठे आहे?

वडिलांपासून आमच्या घरात तुमच्याच गाड्या आहेत. पुढची घेताना आता दहा वेळा विचार करीन.

योग्य लांबीची चेन आणि 120/80-18 मापाचा ऑफरोड टायर पाठवा, नाहीतर किट परत घेऊन पूर्ण पैसे द्या. बसवण्याची मजुरीही भरून द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सातारा जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावणार आहे. बिल, खोक्याचे आणि घासलेल्या स्विंगआर्मचे फोटो सोबत जोडले आहेत.

तुमचा ग्राहक,
सातारा