तुझ्या गृहपाठाची कुळकथा

प्रिय मक्या,

तुझ्या थेरपिस्ट बाई लहानपणाच्या आठवणी उकरत नाहीत, उलट वाद घालतात आणि वर गृहपाठ देतात, म्हणून तू वैतागलायस. ही सगळी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची करणी. त्याच्याबद्दल लिहितो, म्हणजे बाईंवरचा तुझा राग तरी उतरेल.

एलिसचा जन्म १९१३चा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे बालपण हॉस्पिटलांत गेलं, आईवडील फारसे भेटायलाही यायचे नाहीत. पुढे स्वारी भलतीच लाजाळू. एकोणिसाव्या वर्षी त्याने ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर दिसेल त्या बाईशी बोलायचं असा नेमच केला. शंभरेक जणींशी बोलला. त्यातली एकच पुन्हा भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण नकाराची भीती मेली. तुझ्या गृहपाठाचं मूळ या बाकावर आहे बघ.

शिक्षण आधी कॉमर्सचं. धंदा करून पाहिला, कादंबऱ्या लिहिल्या, त्या कुणी छापल्या नाहीत. मग १९४७ साली कोलंबिया विद्यापीठातून क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. केली आणि रीतसर मनोविश्लेषणही, म्हणजे ते लहानपणाच्या आठवणी उकरणंच, शिकला. काही वर्षं ते करून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की माणसाला आपल्या दुःखाची कुळकथा कळते, पण दुःख काही हटत नाही. १९५५च्या सुमारास त्याने स्वतःची विवेकनिष्ठ पद्धत मांडली. घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपली एक धारणा बसलेली असते, तिच्याशी भांडायचं. तुझंच घे. प्रमोशन हुकलं ही घटना. 'मला ते मिळायलाच हवं होतं, नाही मिळालं म्हणजे मी कुचकामी' ही धारणा. रात्रीची झोप उडवते ती ही दुसरी. वाईट वाटणं त्याला मान्य होतं, स्वतःला मोडीत काढणं नाही.

लाज घालवण्यासाठी तो लोकांना ट्रेनमध्ये मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावायचा! (कल्याण लोकलमध्ये करून बघ, कुणी ढुंकूनही पाहणार नाही.) शुक्रवारी संध्याकाळी भर सभेत लोकांचे प्रश्न घ्यायचा, शिव्याही द्यायचा. हा फटकळपणा मला नाही पटत. नुकतंच घरातलं माणूस गेलेल्याशी असा वाद घालणं क्रूरपणाच. पण पद्धत राबवायला त्याचा स्वभाव उचलायची गरज नाही. आपल्याकडे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून हा विचार मराठीत रुजवला, आणि तो वाचताना कुठेही ओरखडा उठत नाही.

बाईंना त्यांचं शिक्षण बिनधास्त विचार, त्यात उद्धटपणा नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी असायला हवी. आणि झोप अशीच उडालेली राहिली तर सायकिअॅट्रिस्टला दाखवायचं का, हेही त्यांनाच विचार. गोळ्या त्या देऊ शकत नाहीत.

या वेळचा गृहपाठ काय आहे ते कळव. साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणायचा असेल, तर आधी माझ्यावर सराव कर. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या