उंदरांवरील चाचण्यांचे चित्रीकरण प्रबंधासोबत हवे

महोदय,

मराठवाड्यातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतून ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा अशा वनस्पतींच्या अर्कांवर एम.फार्म.चे प्रबंध नेहमीच सादर होत असतात. 'अर्कामुळे उंदरांची भीती कमी झाली' असा निष्कर्ष त्यांत अनेकदा वाचायला मिळतो. मात्र तो ज्या आकड्यांवर उभा असतो, ते आकडे एका विद्यार्थ्याने हातातल्या स्टॉपवॉचवर मोजलेले असतात. हा विषय मी बरीच वर्षे शिकवला आहे, तेव्हा या दोषाचा वाटा माझ्याकडेही येतो. अशा प्रबंधांसोबत चाचण्यांचे मूळ चित्रीकरण सादर करणे विद्यापीठांनी बंधनकारक करावे, एवढीच या पत्राची मागणी आहे.

स्टॉपवॉचने काय बिघडते, हे एका चाचणीवरून सांगतो. जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या चिन्हासारखी चार फळ्यांची मांडणी असते. समोरासमोरच्या दोन फळ्यांना भिंती असतात, उरलेल्या दोन उघड्या असतात. उंदराला मधोमध सोडून पाच मिनिटे पाहायचे आणि उघड्या फळीवर तो जितका अधिक रेंगाळेल तितकी त्याची भीती कमी, असे मानायचे. चारही पाय फळीवर आल्याखेरीज 'प्रवेश' धरायचा नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु उंदीर पुष्कळदा पुढचे दोन पाय टाकतो, अंग लांबवून मिशा हलवत कडेवरून खाली डोकावतो आणि तसाच मागे सरकतो. एका प्रयोगशाळेत मी पाहिले की, अर्क दिलेल्या उंदराने दोन पाय टाकताच विद्यार्थ्याचा अंगठा बटणावर पडे, आणि तुलनेसाठी नुसते सलाइन (मिठाचे पाणी) दिलेल्या उंदराच्या वेळी मात्र तो चौथ्या पायाची वाट पाही. मुलगा खोटारडा मुळीच नव्हता. पिंजऱ्यावरची चिठ्ठी त्याला दिसत होती आणि निकाल चांगला यावा असे त्याला मनापासून वाटत होते, एवढेच.

मोकळ्या पेटीतील उंदराच्या वागण्यावरून त्याची भीती मोजण्याची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी १९३४ मध्ये मांडली. पुढे कितीतरी वर्षे पेटीच्या तळावर चौकोन आखून उंदराने किती रेषा ओलांडल्या ते डोळ्यांनीच मोजले जाई. कॅमेऱ्याने हे काम सोपे केले. रिकाम्या पेटीचे चित्र आधी घेऊन ठेवतात, पुढच्या प्रत्येक फ्रेममधून ते वजा करतात आणि उरलेल्या ठिपक्याचा मध्यबिंदू म्हणजे उंदराची त्या क्षणाची जागा, असे संगणक धरतो. नेदरलँड्समधील नोल्डस कंपनीची एथोव्हिजन ही या कामाची प्रणाली १९९० च्या दशकापासून वापरात आहे.

पण कॅमेरा बसवला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. मी होतो त्या महाविद्यालयात असे सॉफ्टवेअर आले तेव्हा पहिले काही दिवस गमतीचेच गेले. पेटी पांढऱ्या रंगाची, उंदीरही पांढरे. ते संगणकाला दिसेनात, म्हणून पेटीला काळा रंग दिला. तो निघाला चकचकीत, आणि ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबालाच संगणक उंदीर समजू लागला. एप्रिलचे दिवस असल्याने पंखा बंद करण्याची सोय नव्हती. उंदीर कोपऱ्यात बसून निवांत तोंड पुसत होता आणि पडद्यावर त्याच्या नावाची रेघ मात्र पंख्याच्या सावलीमागे पेटीभर धावत होती. त्या दिवशीच्या तक्त्यात त्याचे अंतर सर्वांत जास्त भरले. चित्रीकरण जपून ठेवले नसते, तर 'अर्क उत्तेजक आहे' असे लिहून आम्ही मोकळे झालो असतो.

याहून बारीक चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांत ७५०० फ्रेम होतात. उंदीर स्थिर असतानाही त्याचा मध्यबिंदू दर फ्रेमला एक मिलिमीटर थरथरला, तर न चाललेल्या उंदराच्या खात्यात साडेसात मीटर जमा होतात. म्हणून अमुक एका अंतराखालची हालचाल धरायची नाही, अशी मर्यादा आधी ठरवून ती प्रबंधात नोंदवावी लागते, आणि काही चित्रफिती डोळ्यांनी पुन्हा मोजून संगणकाच्या आकड्यांशी ताडून पाहाव्या लागतात.

खर्चाची सबब मात्र आता चालणार नाही. दुकानांत लावतात तो रात्री दिसणारा सीसीटीव्ही कॅमेरा बहुतेक चाचण्यांना पुरतो. त्याचा अवरक्त प्रकाश उंदरांना दिसत नाही, त्यामुळे या निशाचर प्राण्याचे अंधारातले वागणेही टिपता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. दोनशेच्या आसपास फ्रेममध्ये नाक, कान, शेपटीचे मूळ अशा खुणा आपण करून दिल्या की पुढच्या फ्रेममध्ये ते त्या स्वतः शोधते. शिवाय कॅमेरा असला की निरीक्षकाला खोलीबाहेर थांबता येते, आणि हा फायदा लहान नाही. पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो, असे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले आहे.

पाच गट आणि प्रत्येक गटात सहा उंदीर धरले, तर पाच मिनिटांप्रमाणे सारे चित्रीकरण अडीच तासांचे होते. ते एका पेनड्राइव्हमध्ये सहज मावते. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांनी प्रबंधाच्या छापील प्रतीसोबत हा पेनड्राइव्ह मागावा. चित्रफितींना केवळ क्रमांक असावेत. कोणत्या क्रमांकाला काय दिले होते, याची यादी वेगळ्या बंद पाकिटात असावी. तोंडी परीक्षेच्या वेळी बहिःस्थ परीक्षकांनी त्यांतल्या कोणत्याही दोन चित्रफिती लावून स्वतः स्टॉपवॉच हातात घ्यावे, आणि त्यानंतर पाकीट उघडावे.

आपला नम्र,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, लातूर