चित्रकारांना सोबतीने पाठवा

महोदय,

चित्रकारांना परदेशवारीसाठी मिळणारी मदत बहुधा एकेकट्याला मिळते. ती तिघाचौघांच्या गटालाही मिळावी, असे मनापासून वाटते. १९५२ साली सिंगापूरचे लिऊ कांग, चेन चोंग स्वी, चेन वेन सी आणि च्योंग सू पिएंग हे चार चित्रकार मिळून बालीला गेले. चौघेही मूळचे चीनमधले. शाई-कुंचल्याची परंपरा आणि पॅरिसची नवी चित्रकला, दोन्ही त्यांना ठाऊक होत्या. बालीतले लख्ख ऊन, तिथली माणसे, नृत्य, देवळे कोणत्या रेषेत पकडायची, हा पेच चौघांचा एकच होता. उत्तरे मात्र वेगवेगळी निघाली. च्योंगच्या आकृत्या उंच, लांबट झाल्या, तर चोंग स्वी यांनी बालीची माणसे शाई-कुंचल्याने रंगवली. १९५३ मध्ये सिंगापुरात चौघांचे एकत्र प्रदर्शन भरले आणि चिनी आणि पाश्चात्त्य चित्रकलेचा मेळ घालून आग्नेय आशियातले जीवन रंगवणाऱ्या ‘नान्यांग’ शैलीचा विषय निघाला की आजही या प्रवासाचे नाव येतेच.

लिऊ कांग यांच्या १९५४ च्या एका चित्रात तर मॉडेलसमोर बसून रेखाटन करणारे चेन वेन सीच दिसतात. एकटा गेलेला चित्रकार हे चित्र कुठून काढणार? या चित्रांतली बाली पाहुण्याच्या नजरेची आहे, हा आक्षेप खराच. पण सोबत असली की नजरेवर वादही होतो, आणि तो मला मोलाचा वाटतो.

राज्याच्या कला संचालनालयाने आणि खासगी प्रतिष्ठानांनी वर्षाला असा एक तरी गट पाठवावा, परतल्यावर त्यांचे एकत्र प्रदर्शनही भरवावे.

– एक कलाशिक्षक, कोल्हापूर